कुंडूंच्या गिरणीची भिंत

शालुकडांगा मतदारसंघाचा इतिहास
जिल्हा कचेरीत आहे म्हणतात, लोखंडी कपाटात.
मी तो पाहिलेला नाही.
मला ठाऊक होती कुंडूंच्या भातगिरणीची
पूर्वेकडची भिंत,
आणि निताईपदकाकांचा डबा:
चुना, नीळ, बेलफळाचा डिंक.

निवडणूक लागली की आधी भिंत धरायची.
कोपऱ्यात नाव टाकायचं, राखीव म्हणून.
मग चुन्याचा हात.
मागचा आमदार चुन्याखाली.
काका म्हणायचे, जिंकलेला असो की हरलेला,
चुना दोघांना सारखाच लागतो.

सदुसष्टला लिहिलं, एकोणसत्तरला पुसलं,
एकाहत्तरला पुन्हा, बहात्तरला पुन्हा.
भिंतीला नीट सुकायलाही सवड नाही.
बैलजोडी गेली,
तिच्या जागी गाय आली वासराला पाजत.
मग विळा आला आणि मुक्कामालाच राहिला,
इतकी वर्षं, की काकांचं बोट
झोपेतसुद्धा चादरीवर तोच बाक काढायचं.
मतमोजणीच्या संध्याकाळी
त्यांचा प्रश्न एकच असे:
पडलं कोण? म्हणजे पैसे कोणाचे बुडाले?

भवतोष गायेन मात्र रोख द्यायचे.
भूगोलाचे मास्तर. अपक्ष. चिन्ह छत्री.
सात वेळा उभे राहिले,
सात वेळा अनामत जप्त.
फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी येऊन
घामाने ओलसर नोटा दोनदा मोजून द्यायचे.
म्हणून त्यांची छत्री काकांनी
कधी निळीत काढली नाही.
होडीवाल्यांकडून तेलरंग आणायचे,
काळा कुळकुळीत,
आणि आठही काड्या एकेक करून ओढायचे.

मास्तरांचं मागणं एवढंच होतं, खाडीवर पूल.
पूल झाला, पण दुसऱ्याच कोणाच्या हातून.
उद्घाटनाला मास्तर गर्दीत उभे होते,
टाळ्या वाजवत.
मी शेजारीच होतो. टाळ्या खऱ्या होत्या.

एका साली आमच्या केंद्रावर छत्रीला
तीन मतं पडली.
एक मास्तरांचं. एक गिरिबालाकाकूंचं.
आणि तिसरं?
मास्तर मरेपर्यंत विचारत राहिले,
चहाच्या टपरीवर, न्हाव्याकडे,
नावेत शेजारी बसलेल्या परक्या माणसालाही.
आभार मानायचे राहिलेत हो, म्हणायचे.
काका अशा वेळी ब्रश धुवायला घ्यायचे.
बराच वेळ धुवायचे.
निळीत बुडालेल्या बोटावर
मतदानाची शाई दिसत नाही.

मग फेररचना आली.
नव्या नकाशात शालुकडांगा हे नावच नाही.
रेघ गिरणीच्या मधून गेली:
गोदाम एका मतदारसंघात, भिंत दुसऱ्या.
गिरणी तशीही बंदच होती.
काका गेले. भिंतीला खार फुटला.
पोपडे सुटू लागले,
आधी गवतफूल गळलं, मग विळा,
मग गाय, वासराचे मागचे पाय तेवढे राहिले,
आणि एका सकाळी कोपऱ्यात
छत्री उघडलेली.

आचारसंहितेचं पथक आलं बादली घेऊन.
एक हात दिला. दुसरा दिला.
दुसऱ्या दिवशी छत्री पुन्हा वर.
तेलावर चुना ठरत नाही,
हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं,
मीही सांगितलं नाही.
अधिकारी पोरसवदा होता, उन्हाने लाल झालेला.
यादी तीनदा चाळून म्हणाला,
या चिन्हाचा उमेदवारच नाही इथे.
मग हा प्रचार कोणाचा?
नोटीस कोणावर बजावू?

माझ्याकडे द्या, म्हणालो.
त्याने पेन उघडलं, नाव विचारलं.
मी काकांचं सांगितलं.